ड्रोन आधी, रिमोट शेवटी: बंद करण्याचा क्रम चुकल्यावर येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे उपाय

ड्रोन उतरतो, पंखे थांबतात आणि पहिला हात जातो तो रिमोटच्या बटणाकडे. साहजिकच आहे. रिमोट गळ्यात असतो आणि ड्रोन वीस-तीस पावलांवर, कधी चिखलात, कधी ढेकळांत. पण या एका सवयीतून कितीतरी तक्रारी निघतात. ड्रोन जमिनीवर उभा राहून पिं-पिं करत राहतो. शेवटची क्लिप उघडत नाही. बॅटरी बदलल्यावर रिमोट आणि ड्रोन जुळतच नाहीत. बॅटरी काढायला वाकलं की पंखा झटका देतो. मग कोणी मेमरी कार्ड बदलतं, कोणी रिसीव्हर बदलतं, कोणी फर्मवेअर, म्हणजे ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकतं, आणि चार दिवसांनी तीच तक्रार परत येते.

असं वारंवार होत असेल तर खर्चात पडण्याआधी क्रम तपासा. चालू करताना रिमोट आधी, ड्रोन नंतर. बंद करताना ड्रोन आधी, रिमोट नंतर. ड्रोनमध्ये वीज आहे तोवर रिमोट जिवंत पाहिजे. हा नियम अडीचशे ग्रॅमच्या छोट्या ड्रोनलाही लागू आणि दहा लिटरच्या फवारणीच्या ड्रोनलाही.

रिमोट आधी बंद केला की आत काय होतं

ड्रोनमधला रिसीव्हर रिमोटचं ऐकत असतो. रिमोट गप्प झाला की तो तुम्ही मुद्दाम बंद केला, की सिग्नल तुटला, की रिमोटची बॅटरी संपली, हे रिसीव्हरला कळायला मार्ग नाही. त्याच्या लेखी तिन्ही सारखंच. मग तो फेलसेफमध्ये जातो, म्हणजे "सिग्नल गेला तर काय करायचं" म्हणून जे ठरवून दिलेलं असेल ते करतो. खरी मेख इथेच आहे, कारण प्रत्येक ड्रोनमध्ये हे वेगवेगळं ठरवलेलं असतं, आणि पुष्कळ ड्रोनमध्ये कोणी ठरवलेलंच नसतं.

काही रिसीव्हर सगळे सिग्नल बंद करतात. फ्लाइट कंट्रोलरला, म्हणजे मोटारी चालवणाऱ्या ड्रोनच्या मेंदूला, तेव्हा स्पष्ट कळतं की संपर्क तुटला. काही रिसीव्हर आधी भरून ठेवलेले आकडे पाठवतात. आणि काही शेवटची स्थिती तशीच धरून ठेवतात. थ्रॉटल (मोटारींचा वेग कमी-जास्त करणारी स्टिक) जिथे होता तिथे, आर्मचा स्विच जसा होता तसा. हा तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण फ्लाइट कंट्रोलरला वाटतं की पायलट अजून समोर आहे.

आता यात आर्मची भर घाला. आर्म म्हणजे मोटारी फिरायला मोकळ्या आहेत अशी स्थिती, डिसआर्म म्हणजे त्यांना कुलूप. बहुतेक ड्रोनमध्ये आर्म केल्यावर पंखे हळू फिरत राहतात, त्यामुळे डोळ्यांना कळतं. पण घरी बांधलेल्या काही ड्रोनमध्ये सेटिंग असं असतं की आर्म असूनही थ्रॉटल तळाला असेल तर पंखे थांबलेलेच दिसतात. तेव्हा पंखे थांबले म्हणजे डिसआर्म झालं असं धरून चालू नका. स्क्रीनवर किंवा ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या चष्म्यात डिसआर्म असं दिसलं पाहिजे, किंवा स्विच स्वतः खाली केलेला असला पाहिजे. त्यानंतरच ड्रोनजवळ जायचं.

अर्डूपायलट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या ड्रोनमध्ये याची बरीच काळजी घेतलेली आहे. सिग्नल गेला तेव्हा ड्रोन डिसआर्म असेल तर काहीच होत नाही. आर्म असून जमिनीवर आहे असं त्याने ओळखलेलं असेल तर तो लगेच डिसआर्म होतो. तसंच उतरल्यावर थ्रॉटल तळाला धरला तर मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांनी तो आपोआप डिसआर्म होतो. पण "जमिनीवर आहे असं त्याने ओळखलेलं असेल तर" हे शब्द महत्त्वाचे. उतारावर, गवतात, एक पाय बांधावर आणि एक सरीत अशा अवस्थेत ड्रोनला आपण उतरलो की नाही हे ठरवता येत नाही. अशा क्षणी रिमोट बंद झाला तर त्याच्यासाठी ती हवेतली आणीबाणी ठरू शकते, आणि मूळ सेटिंग असेल तर तो घरी, म्हणजे जिथून उडाला तिथे, परतण्यासाठी १५ मीटरवर चढायला बघेल. माणूस तेव्हा बॅटरी काढायला वाकलेला असतो.

फवारणीचा ड्रोन: बॅटरी बदलतानाची घाई

फवारणीच्या ड्रोनवर जरा जास्त बोलतो, कारण इथे चूक झाली तर ती क्लिपवर भागत नाही. १० लिटरचे बहुतेक ड्रोन टाकी भरूनही २५ किलोच्या आत राहतील असे बांधलेले असतात, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ते २ ते २५ किलोच्या 'स्मॉल' वर्गात येतात. पंखे कार्बन फायबरचे, हातभर लांब. एका टाकीत साधारण एक एकर होतं, मग उतरायचं, टाकी भरायची, बॅटरी बदलायची, परत वर. दिवसभर हेच चक्र, आणि जितक्या वेळा बॅटरी बदलायची तितक्या वेळा क्रम चुकण्याची संधी.

त्यात माणसं दोन असतात. नमो ड्रोन दीदी योजनेत बचत गटाच्या एका ताईला पायलटचं १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, आणि गटातलं किंवा घरातलं आणखी एक माणूस मदतनीस म्हणून तयार केलं जातं. म्हणजे रिमोट एकाच्या हातात आणि बॅटरी दुसऱ्याच्या. इथे गोंधळ होतो. मदतनीस ड्रोनकडे निघतो, त्याच वेळी पायलट रिमोटची बॅटरी वाचावी म्हणून रिमोट बंद करते, किंवा औषध कालवायला जाताना रिमोट बॉनेटवर ठेवून देते. रिमोट बंद, ड्रोन चालू, आणि त्याच्यावर वाकलेला माणूस.

यावर उपाय यंत्राचा नाही, बोलण्याचा आहे. दर वेळी, न चुकता, मोठ्याने:

"भाऊजी, डिसआर्म केलंय. या पुढे."

"आलो वहिनी. लाल काढली. काळी काढली. दोन्ही बॅटऱ्या बाहेर."

"बरं. आता रिमोट ठेवते."

एवढंच. पण "बॅटऱ्या बाहेर" हे शब्द कानावर आल्याशिवाय पायलटने रिमोटच्या बटणाला हात लावायचा नाही आणि स्टिकवरची नजरही काढायची नाही. "या" असं ऐकल्याशिवाय मदतनीसानेही पंख्यांच्या घेरात पाय टाकायचा नाही. फवारणी चालू असताना खरं तर मधे रिमोट बंद करायची गरजच नाही. दिवसभराची बॅटरी पुरत नसेल तर पॉवर बँक ठेवा, पण दर एकराला रिमोट बंद-चालू करणं सोडा.

लाल आधी, काळी नंतर हेही उगाच नाही. मोठ्या बॅटऱ्यांना लाल आणि काळ्या वायरचे वेगवेगळे जाड कनेक्टर असतात, आणि ठिणगी दाबणारा रोध (रेझिस्टर) लाल कनेक्टरमध्ये बसवलेला असतो. म्हणून जोडताना काळी आधी, लाल शेवटी. काढताना लाल आधी. उलट केलं की टक् करून ठिणगी उडते आणि कनेक्टरचं टोक काळं पडत जातं. काही दिवसांनी जोड सैल होतो, आणि मग ड्रोन उड्डाणाआधीच मधेच बंद-चालू व्हायला लागतो. त्याचा दोष लोक बॅटरीला देतात. सहा सेलची भरलेली बॅटरी २५.२ व्होल्टची असते, दोन एकामागे एक जोडल्या की ५०.४. हात ओले असताना, अंगावर औषधाचे शिंतोडे असताना घाई नको. काढताना वायर ओढू नका, कनेक्टरला धरून ओढा.

पंपाचा स्विचही क्रमात धरा. उतरण्याआधी पंप बंद. नाहीतर नवी बॅटरी लावल्याबरोबर नोझलमधून औषध मदतनीसाच्या पायावर पडतं.

कॅमेऱ्याचा ड्रोन: शेवटची क्लिप का जाते

लग्नाचं किंवा जागेचं चित्रीकरण करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. सगळ्या क्लिप ठीक, फक्त शेवटची उघडत नाही. फाइल दिसते, आकारही भरपूर असतो, पण चालत नाही.

होतं असं. उतरल्यावर रिमोट आधी बंद केला, तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. आता ते थांबवायचं बटण स्क्रीनवर होतं आणि स्क्रीनच गेली. ड्रोन आपला कार्डावर लिहीत बसला आहे. घाईत कोणीतरी बॅटरी उपसली. एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. ती लिहायच्या आत वीज गेली, म्हणजे चित्र कार्डावर आहे पण ते कसं वाचायचं हे सांगणारं पान नाही.

क्रम असा ठेवा: उतरा, रेकॉर्डिंग थांबवा, स्क्रीनवरचं घड्याळ थांबलेलं बघा, मग ड्रोन त्याच्या बटणाने बंद करा. डीजेआयच्या ड्रोनमध्ये बटण एकदा दाबून सोडायचं आणि परत दाबून धरायचं. दिवे विझले, आतल्या थंड करणाऱ्या पंख्याचा बारीक आवाज थांबला, की मग रिमोट त्याच पद्धतीने. कार्ड आणि बॅटरी सगळ्यात शेवटी. बटणाने बंद न करता थेट बॅटरी काढली तर चालू चित्रीकरणावर परिणाम होऊ शकतो आणि कॅमेऱ्याची सेटिंग जतन होत नाहीत, हे त्यांच्या माहितीपुस्तिकेतच दिलेलं आहे.

क्लिप गेलीच असेल तर त्या कार्डावर पुढचं काहीही चित्रित करू नका आणि कार्ड फॉरमॅट करू नका. कार्ड त्याच ड्रोनमध्ये परत घालून ड्रोन चालू करा आणि थोडा वेळ तसाच ठेवा. पुष्कळ मॉडेल अर्धवट फाइल स्वतः दुरुस्त करायचा प्रयत्न करतात. तेवढ्याने नाही झालं तर अनट्रंक नावाचं मोफत साधन आहे. त्याला त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. म्हणून एखादी चांगली छोटी क्लिप कायम बाजूला ठेवा.

काही रिमोट बराच वेळ हात लागला नाही की आधी बीप करतात आणि नंतर आपणहून बंद होतात. ड्रोन चालू ठेवून पाहुण्यांना क्लिप दाखवत बसलात तर क्रम तुमच्या नकळत उलटा होतो. दाखवायचं ते ड्रोन बंद करून दाखवा. जमिनीवर उभ्या ड्रोनला वारा लागत नाही, तो तापतोही.

हवेत असताना रिमोट बंद करून ड्रोन परत बोलावणारेही आहेत. कृपा करून असं करू नका. परतीचं बटण त्यासाठीच दिलेलं आहे, आणि ते दाबल्यावर वाटेत झाड आलं तर परतणं रद्द करून स्टिक हातात घेता येते. रिमोट बंद केल्यावर हातात काहीच उरत नाही.

एफपीव्ही: बॅटरी बदलल्यावर जुळतच नाही

एफपीव्ही म्हणजे चष्म्यात ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र बघत उडवणं. त्यात एक्स्प्रेसएलआरएस ही रिमोट आणि रिसीव्हरची रेडिओ प्रणाली वापरणाऱ्यांची ही ठरलेली अडचण. पहिलं उड्डाण छान होतं. उतरल्यावर रिमोट बंद, बॅटरी काढली, नवी लावली, चष्मा पुसला, मित्राशी दोन शब्द बोलणं झालं, मग रिमोट चालू केला. ड्रोन दाद देत नाही.

रिसीव्हर बिघडलेला नाही. चालू झाल्यापासून ६० सेकंदांत रिमोट सापडला नाही तर तो मूळ सेटिंगप्रमाणे वायफाय मोडमध्ये जातो, आणि मग रिमोटकडे त्याचं लक्ष नसतं. दिवा बघा. सावकाश लुकलुकत असेल तर तो रिमोट शोधतो आहे. भराभर लुकलुकत असेल तर वायफाय. दोन-दोनदा लुकलुकत असेल तर बाइंड मोड, म्हणजे रिमोटशी नव्याने जोडी बांधायची अवस्था. स्थिर असेल तर जुळला. वायफायमध्ये गेला असेल तर ड्रोनची बॅटरी काढा, रिमोट चालू ठेवा आणि मग बॅटरी लावा. लगेच जुळेल.

घाबरून तीन वेळा पटापट बॅटरी काढ-घाल करू नका. एक्स्प्रेसएलआरएसमध्ये तीनदा वीज चालू-बंद होणं म्हणजेच बाइंड मोडचा इशारा. एका अडचणीच्या दोन होतात.

एजटीएक्स हे सॉफ्टवेअर असलेल्या रिमोटमध्ये चांगली सोय आहे. ड्रोन चालू असताना रिमोट बंद करायला गेलात तर "मॉडेलला अजून वीज आहे" अशा अर्थाची सूचना येते आणि एंटर दाबून खात्री मागितली जाते. ती कटकट समजून डोळे झाकून एंटर दाबायची सवय लावून घेऊ नका. सूचना आली की मान वर करून ड्रोनकडे बघा.

इथे उशीर नको याचं आणखी एक कारण. चष्म्याकडे चित्र पाठवणारा व्हिडिओ ट्रान्समीटर हवेत वाऱ्याने थंड राहतो, जमिनीवर तो हात लावता येणार नाही इतका तापतो. उतरलं, डिसआर्म केलं, की बॅटरी काढा.

फेलसेफ तपासून बघा

क्रम पाळूनही कधीतरी रिमोट पडेल, त्याची बॅटरी जाईल. तेव्हा ड्रोन काय करेल हे आज माहीत असलं पाहिजे. अभियांत्रिकीच्या प्रकल्पात फ्लायस्काय एफएस-आय६ सारखा परवडणारा रिमोट हमखास असतो, आणि त्यात फेलसेफ मेनूत जाऊन स्वतः सेट करावं लागतं. ते न करताच पुष्कळ ड्रोन उडत असतात. विद्यार्थ्यांनो, हे एवढं काम पहिल्या उड्डाणाच्या आधी कराच.

सगळे पंखे काढा. एकही ठेवू नका. ड्रोन टेबलावर घट्ट बांधा, आर्म करा, थ्रॉटल थोडा वर घ्या आणि रिमोट बंद करा. बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये फेलसेफचं मूळ सेटिंग ड्रॉप असतं, म्हणजे थोड्याच वेळात मोटारी थांबल्या पाहिजेत. फिरतच राहिल्या तर रिसीव्हर शेवटची स्थिती धरून बसला आहे, आणि हे दुरुस्त होईपर्यंत तो ड्रोन उडवायचा नाही.

अर्डूपायलटवर हेच संगणकावरच्या मिशन प्लॅनरमध्ये आर्म न करता बघता येतं. रेडिओ कॅलिब्रेशनच्या पानावर थ्रॉटलचा आकडा बघत रिमोट बंद करा. मूळ सेटिंगप्रमाणे आकडा ९७५ च्या खाली गेला तरच फेलसेफ लागतो. रिमोट चालू असताना थ्रॉटल तळाला आणला की येणारा आकडा ९७५ च्या वर किमान १० हवा, आणि रिमोट बंद असतानाचा आकडा ९७५ च्या खाली किमान १०. फ्लायस्कायमध्ये यासाठी थ्रॉटलची खालची मर्यादा तात्पुरती आणखी खाली नेऊन तो आकडा फेलसेफ म्हणून भरतात आणि मर्यादा परत जागेवर आणतात.

ऊसात पडला तर

ड्रोन उभ्या ऊसात पडला की माणूस सगळं विसरून धावत सुटतो, आणि जाता जाता रिमोट बंद करून टाकतो. आधी डिसआर्म करा. पाल्यात अडकलेल्या मोटारीला वीज मिळत राहिली तर ती जळते, बॅटरीही तापते. मग रिमोट चालू ठेवूनच शोधायला निघा. रिमोटवर सिग्नलची ताकद दिसत असेल तर जवळ जाल तसा आकडा सुधारेल. बीपरचा (आवाज करणाऱ्या छोट्या भोंग्याचा) स्विच लावलेला असेल तर वापरा. डीजेआयच्या ॲपमध्ये ड्रोन शोधण्याची सोय आहे, ती दिवे लुकलुकवते आणि आवाज करते, पण त्यासाठी संपर्क चालू लागतो.

सबंध क्रमाला अपवाद आहे तो इथेच. बीटाफ्लाइटच्या ड्रोनवर बीपरला स्विच दिलेला नसेल, पण सिग्नल गेल्यावर वाजण्याचं सेटिंग चालू असेल, तर डिसआर्म केल्यानंतर रिमोट मुद्दाम बंद केला की बीपर वाजायला लागतो. वेगळा बीपर नसेल तर मोटारींतूनच आवाज काढता येतो, आणि तो ड्रोन डिसआर्म असतानाच निघतो. सापडल्यावर मात्र आधी रिमोट चालू, मग ड्रोनला हात.

रिमोटच आधी मेला तर

ड्रोन जमिनीवर आहे, बॅटरी लागलेली आहे आणि रिमोट बंद पडला. पंखे फिरत असतील तर जवळ जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका. पोरं आधी धावतात, त्यांना आवरा. पॉवर बँक लावा. रिमोट चालू करण्याआधी थ्रॉटल तळाला आहे का आणि आर्मचा स्विच डिसआर्मकडे आहे का, हे बोटाने चाचपून घ्या. रिमोट एकाहून जास्त ड्रोनसाठी वापरत असाल तर बरोबर मॉडेल निवडलेलं आहे याची खात्री करा, कारण दुसऱ्या मॉडेलमध्ये तोच स्विच उलटा असू शकतो. संपर्क आला, डिसआर्म दिसलं, पंखे थांबले, की मगच बॅटरी काढायला जा.

आणि रिमोटच्या कमी व्होल्टेजचा अलार्म आजच बघून घ्या. दोन १८६५० (लिथियम) सेलवर चालणारा रिमोट असेल तर तो ७ व्होल्टच्या आसपास ठेवा, म्हणजे हातातलं उड्डाण संपवून ड्रोन नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो.